तीन सेटर गेले, तरी बोअर चुकतच राहिला

ऑक्टोबर 2024. दसऱ्याला चार दिवस होते. शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांचा सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, सेटर पाहिजे. काय बी करा, पण दिवाळीच्या आत पाहिजे. आठ महिन्यांत तिसरा गेला बघा." सेटर म्हणजे मशीनवर टूल आणि मापं लावून देणारा माणूस.

कोल्हापूर आणि आसपासच्या लहान कारखान्यांना माणसं निवडायला मदत करणं, हे माझं गेल्या चौदा वर्षांचं काम. असे फोन येतच असतात. तरी हे प्रकरण मी सविस्तर लिहून काढतेय, कारण यात कुणीच लबाड नव्हतं. मालक प्रामाणिक, गेलेले तिघेही हाताला काम असलेले, फोरमन तीस वर्षं मशीनवर उभा राहिलेला. आणि तरी आठ महिने सगळ्यांचंच नुकसान होत राहिलं. त्यात माझाही वाटा होता. तिसरा सेटर मीच सुचवला होता. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बाकी जे घडलं ते तसंच.

कारखाना काय होता

वडिलांनी शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर सुरुवात केली, मुलानं शिरोलीत शेड बांधलं. नऊ सीएनसी आणि तीन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, ऑफिस धरून 34 माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, इथं मशीनिंग व्हायचं आणि माल पुण्याकडे जायचा. मुख्य आयटम एकच, बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, बेअरिंग हाउसिंग. त्याचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसायचं गोल भोक, 62 एच7.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी: 62 एच7 म्हणजे बोअर 62.000 ते 62.030 मिलिमीटरच्या मध्येच बसला पाहिजे. मोकळीक फक्त 30 मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. बोअर बारीक झाला तर बेअरिंग नीट बसत नाही, पण परत मारून तो दुरुस्त तरी करता येतो. मोठा झाला तर बेअरिंग आत सैल फिरतं आणि जॉब, म्हणजे मशीनवरचा तो नग, सरळ भंगारात जातो.

रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं, गिऱ्हाइकाच्या तक्रारी यायला लागल्या, आणि मालकांनी निष्कर्ष काढला की सेटिंग चुकतंय, म्हणजे सेटर बदलायचा.

पहिला सेटर पाहुण्यातला. बहिणीच्या सासरकडचा मुलगा, "घरचाच हाय, टिकंल" या एका गुणावर फेब्रुवारीत आला. ओळखीतून माणूस घेण्यात वाईट काही नाही. कोल्हापुरात निम्म्याहून जास्त माणसं अशीच लागतात आणि त्यातली कितीतरी फार चांगली निघतात. अडचण वेगळी असते. घरच्या माणसाला चूक दाखवायची झाली की शब्द तोंडातच अडकतात. इथंही दोन महिने कुणी काही बोललं नाही, मग एके दिवशी सगळं एकदम बोललं गेलं. जोतिबाच्या यात्रेला तो गावी गेला तो परत आला नाही. त्या दोन घरांतलं बोलणं अजून सुरळीत नाही.

दुसरा शेजारच्याच शेडमधून सहा हजार जास्त देऊन आणला. असा माणूस आणताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जो पैशासाठी आला त्याला पैशासाठी परत बोलावता येतं. त्यात जुलैमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोका पातळी ओलांडून गेली. त्याचं घर नदीच्या पलीकडे, चार दिवस तो येऊ शकला नाही आणि मालकांनी ते खाडे धरले. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनी तरी पुरातल्या खाड्यावरून माणसाची पारख करू नये. ऑगस्टच्या सात तारखेला पगार झाला आणि आठ तारखेला तो जुन्या जागी परत गेला.

तिसरा मी दिलेला. शांत, नीटनेटका, मशीनच्या फॅनुक कंट्रोलवर हात बसलेला. दोन महिन्यांत त्याच्याही नावावर रिजेक्शन चढलं. शेवटच्या दिवशी गेटपाशी तो मला म्हणाला, "ताई, सकाळी मी करून दिल्यालं सेटिंग संध्याकाळी कोण हलवतंय, तेवढं बघा की कुणीतरी." मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, जाणारा माणूस असं बोलतोच. याची मला आजही रुखरुख लागते. नोकरी सोडून जाणाऱ्याकडे खोटं बोलायचं कारण सगळ्यात कमी असतं. त्याचं शेवटचं वाक्य लिहून ठेवावं, असं मी आता प्रत्येक मालकाला सांगते.

रजिस्टर

चौथ्यांदा माणूस शोधण्याआधी मी मालकांकडून एकच गोष्ट मागितली, रिजेक्शनचं रजिस्टर. ते म्हणाले, "त्यात काय बघायचं? सेटर बघा." पण दिलं.

एक दुपार मी लाल आणि निळं पेन घेऊन बसले. पहिल्या पाळीच्या नोंदींना निळी खूण, दुसऱ्या पाळीच्या नोंदींना लाल. सहा आठवड्यांत 61 नोंदी, त्यातल्या 48 लाल. आणि त्या 48 पैकी 41 ठिकाणी एकच शेरा, बोअर अंडरसाइज, म्हणजे हवा त्यापेक्षा बारीक.

सेटर सकाळच्या पाळीत असतो. सेटिंग चुकीचं असतं तर सकाळचा मालही बिघडायला हवा होता, पण तो ठीक होता. मी फोरमनना विचारलं, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, "आण्णा, दुसऱ्या पाळीत माप कोण बघतं?"

"ज्येचं मशीन त्येनंच बघायचं. क्यूसीवाला सहाला घरी जातोय." क्यूसीवाला म्हणजे माल तपासणारा.

"आणि ऑफसेट?" ऑफसेट म्हणजे माप थोडं कमी-जास्त करायला मशीनला द्यायचा आकडा.

"बोअर मोठा दिसला की ऑफसेट मारून बारीक करत्यात. त्यात काय चुकलं?"

काय चुकलं ते मलाही कळलं नाही. मी मशीनिस्ट नाही. पण एवढं नक्की झालं की कारखान्यात सेटरची जागा रिकामी नव्हती. दुपारी साडेतीन ते रात्री बारा या वेळेत माप घेणारी जागा रिकामी होती, आणि ती जागा आहे हेच कुणी कधी धरलं नव्हतं.

मालकांना हे पटवायला दोन दिवस लागले. त्यांचं म्हणणं, इन्स्पेक्टर माल काढत नाही. मशीनवर उभ्या माणसाचा पगार वसूल होतो, गेज घेऊन फिरणाऱ्याचा होत नाही. लहान कारखान्यात हा विचार खोलवर मुरलेला असतो आणि मी त्याला हसणार नाही, कारण दर महिन्याच्या सात तारखेला पगाराचे पैसे उभे करणं काय असतं ते मी जवळून पाहिलं आहे. शेवटी हिशोबच उपयोगी पडला. सेटरला 32 हजार द्यायची त्यांची तयारी होती. इन्स्पेक्टर 24 हजारांत येणार होता. आण्णांच्या हाताखालचा जुना ऑपरेटर सेटिंगचं निम्मं काम आताही करतच होता, त्याला दोन हजार वाढवून ते काम रीतसर त्याच्याकडे द्यायचं. वरचे सहा हजार शिल्लक. मालक म्हणाले, "करून बघू. पण फसलं तर तुमचं-माझं भांडण."

जाहिरात

आधीच्या तीन वेळची जाहिरात मी मागून घेतली. पेपरातही तीच, व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तीच: "सीएनसी सेटर पाहिजे. अनुभव 5 वर्षे. पगार योग्यतेनुसार. समक्ष भेटा."

या चार वाक्यांतून येणाऱ्याला काय कळतं? कुठली पाळी, सुट्टी कधी, पगार किती, काम काय, काहीच नाही. "योग्यतेनुसार" वाचून चांगला माणूस फोनच करत नाही, कारण त्याच्याकडे आता आहे ती नोकरी सोडून अंदाजावर यायला वेळ नसतो. नवी जाहिरात आम्ही अशी लिहिली:

"बीडाच्या बेअरिंग हाउसिंगचे बोअर तपासायला लाइन इन्स्पेक्टर पाहिजे. दुसरी पाळी, दुपारी 3.30 ते रात्री 12. सुट्टी सोमवार. ड्रॉइंग वाचता आणि बोअर गेज मास्टर रिंगवर सेट करता आला पाहिजे. आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर चांगलंच, नसेल तर काम दाखवा. पगार 22 ते 25 हजार, पीएफ त्यातून कापला जाईल. आधी फोन करा. चाचणी दोन तासांची, येण्याजाण्याचे 300 रुपये मिळतील."

बोअर गेज म्हणजे भोकाचं माप घ्यायचं साधन, आणि मास्टर रिंग म्हणजे ते साधन शून्यावर लावायची नेमक्या मापाची कडी. जाहिरातीच्या शेवटच्या ओळीवरून मालक कुरकुरले. पण शेतावरचं काम किंवा चालू नोकरीतला एक खाडा टाकून माणूस येतो. त्याचा दिवस फुकट नाही, एवढं सांगायला 300 रुपये फार नाहीत.

27 जणांचे फोन आले. मी प्रत्येकाला तेच चार प्रश्न त्याच क्रमानं विचारले: सध्या कुठलं माप कुठल्या गेजनं घेता, शेवटचा चुकलेला जॉब तुमच्या हातून कसा सुटला, दुसऱ्या पाळीला रात्री घरी कसे जाणार, आणि पगाराची अपेक्षा किती. सगळ्यांना तेच प्रश्न विचारण्यात फार मोठी गोष्ट दडलेली आहे. गप्पांच्या ओघात होणारी मुलाखत आपल्याला आवडतो तो माणूस निवडते, काम जमणारा नव्हे. 1998 साली फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. त्यात प्रत्यक्ष काम करून दाखवण्याची चाचणी आणि ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत या दोन्ही मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा बऱ्याच वरचढ ठरल्या, आणि नुसती अनुभवाची वर्षं अगदी खाली राहिली. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी त्या आकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हा काही आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सगळ्यात वर गेली. आपल्या जाहिरातींत मात्र पहिली अट अजूनही "अनुभव 5 वर्षे" हीच असते.

वडणग्याचा अर्ज

27 जणांत वडणग्याचे एक गृहस्थ होते, वय 43. त्यांचा बायोडाटा फोनच्या आधी व्हॉट्सअॅपवर आला आणि तो वाचून मी मनातल्या मनात बाजूला ठेवला होता, हे इथं मान्य केलं पाहिजे. भोसरीत अकरा वर्षं, पण तीन वेगवेगळ्या नावांच्या फर्ममध्ये. त्यानंतर तीन वर्षं काहीच नाही. वर इंग्रजीत एक उद्दिष्टाचं वाक्य, कुणाच्याही बायोडाट्यावर असतं ते. वाचणाऱ्याला वाटणार, हा उड्या मारणारा माणूस, आणि शेवटी कुणीतरी घरी बसवलेला.

सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे हे ठरवलेलं होतं, म्हणूनच फोन झाला. बोलताना मी तीन फर्मबद्दल विचारलं.

"ताई, कंपनी एकच हो. अकरा वर्षं एकाच लाइनवर. ठेकेदार बदलला की आमचं नाव नव्या ठेकेदाराच्या कागदावर. माणूस तितंच, मशीन तितंच, पगाराच्या कागदावरचं नाव तेवढं बदलायचं."

पीएफच्या यूएएन खात्यातही तीन ठेकेदारांचीच नावं दिसत होती. ज्या कंपनीचा माल त्यांनी अकरा वर्षं तपासला, तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. आणि ती तीन वर्षं? वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, घरात करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून ते गावी परतले. दोन म्हशी, एक एकर ऊस आणि अंथरुणाला खिळलेला बाप. वडील वारले, मग नोकरी शोधायला लागले. वीसेक ठिकाणी गेले. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, तीन वर्षं काय केलं? उत्तर ऐकून कुणी वाईट बोललं नाही, पण कुणी परत फोनही केला नाही.

अशी कितीतरी माणसं पुण्या-चाकणहून परत आलेली आहेत. त्यांनी बायोडाट्यात एवढा बदल केला तरी पुष्कळ फरक पडेल: प्रत्यक्ष कामाची जागा वर लिहायची, आणि खाली "ठेकेदारामार्फत, ठेकेदार तीन वेळा बदलला, काम सलग" असं स्पष्ट लिहायचं. जुनं गेटपास, पगाराच्या स्लिपा, लाइनवरच्या सुपरवायझरचा नंबर जपून ठेवायचा. खंड पडला असेल तर तो लपवू नये, एका ओळीत कारण लिहावं आणि आता ते कारण उरलेलं नाही हेही लिहावं. उद्दिष्टाचं वाक्य काढून त्या जागी कुठले जॉब, कुठली मापं, कुठली गेज, कुठलं कंट्रोल हे लिहावं. आणि नोकरी लावून देतो म्हणून नोंदणीचे किंवा अनामत म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपया देऊ नये. मूळ प्रमाणपत्रं दाखवावीत, झेरॉक्स द्यावी, मूळ कागद कुणाकडे ठेवून येऊ नये. या दोन गोष्टींपायी माझ्या ओळखीतली मुलं फार पोळली आहेत.

सोमवारची चाचणी

सोमवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून मशीन मोकळी मिळतात. सात जणांना दोन सोमवारी बोलावलं. टेबलावर ड्रॉइंग, एक व्हर्निअर, एक मायक्रोमीटर, एक बोअर गेज आणि मास्टर रिंग. आण्णा प्रत्येक वेळी मशीन चालवून एक ताजा जॉब काढायचे आणि टेबलावर ठेवायचे. सांगणं एवढंच, बोअर तपासा आणि माल पास की नापास ते लिहून द्या.

पहिल्याच मिनिटात पुष्कळ कळतं. दोघांनी सरळ व्हर्निअर उचलला. 0.02 चं माप दाखवणाऱ्या व्हर्निअरनं 0.030 ची मोकळीक तपासता येत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्याशी पुढं अर्धा तास बोलायची गरजच उरत नाही. एका डिप्लोमाच्या मुलीनं गेज बरोबर उचलला, नोंदी इतक्या सुबक लिहिल्या की आण्णांनी तो कागद मला परत दाखवला, पण रिंगवर शून्य लावताना तिचा हात थरथरत होता. तिनं गेज हातात कधी धरलाच नव्हता, कॉलेजात लांबूनच पाहिला होता.

वडणग्याचे गृहस्थ दुसऱ्या सोमवारी आले. आण्णांनी जॉब ठेवला. त्यांनी आधी कापडानं बोअर पुसला, कडेला अडकलेला बीडाचा भुगा बोटानं काढला. मग गेज न उचलता उजव्या हाताचा तळवा जॉबवर ठेवला आणि तसेच थांबले.

"आण्णा, ह्यो आत्ताच काढलाय न्हवं?"

"व्हय."

"गरम हाय. एक माप आता घेतो, एक निवल्यावर."

त्यांनी गेज रिंगवर लावला, माप घेतलं आणि लिहिलं: 62.027, गरम. खाली वेळ लिहिली. चहा झाला, मालकांनी ऊसदराचा विषय काढला. चाळीस मिनिटांनी परत तळवा ठेवून पाहिला, गेज पुन्हा रिंगवर तपासला आणि माप घेतलं: 62.014, गार.

मालक उठून टेबलापाशी आले. दोन्ही आकडे त्यांनी दोनदा वाचले. आण्णा काहीच बोलले नाहीत, पण त्यांना कळलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

बीड दर अंशाला लांबीच्या लाखात एक भागापेक्षा थोडं जास्त प्रसरण पावतं. 62 चा बोअर खोलीपेक्षा 20 अंशांनी गरम असेल तर तो 13-14 मायक्रॉननं मोठा दिसतो. आमच्या इथं बीड कोरडंच मारतात, त्यामुळे जॉब हाताला चटका बसेल इतका तापतो. दुसऱ्या पाळीतला ऑपरेटर तो तापलेला जॉब तसाच मोजत होता. गेजवर 62.027 दिसलं की त्याला वाटायचं, वरच्या हद्दीला टेकला, आणि तो ऑफसेट 15 मायक्रॉननं खाली मारायचा. मुळात जॉब गार झाल्यावर 62.014, म्हणजे अगदी मधोमध बसणार होता. ऑफसेट मारल्यावरचा पुढचा जॉब गरम असताना 62.012 दिसायचा, ऑपरेटर निश्चिंत व्हायचा, आणि सकाळी क्यूसीच्या टेबलावर तोच जॉब 61.999 निघायचा. अंडरसाइज. मग तो परत मारायला घ्यायचा, त्यात एखादा मोठा व्हायचा आणि भंगारात जायचा. सकाळच्या पाळीत असं होत नव्हतं, कारण क्यूसीवाला जॉब उचलून खोलीत नेऊन ठेवायचा आणि त्याच्या सवडीनं मोजायचा.

आठ महिने, तीन सेटर. एकाचाही दोष नव्हता.

त्या दिवशी मालक, आण्णा आणि मी असे तिघं गुण देणार होतो. नियम असा की आपापला कागद भरेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही, कारण मालक आधी बोलले की बाकीच्यांचे गुण त्यांच्यामागे जातात. वडणग्याच्या गृहस्थांना तिघांनीही सगळ्यात जास्त गुण दिले होते. इतक्या एकमतानं निवड झाल्याचं मला फारसं आठवत नाही.

तरी भोसरीच्या त्यांच्या जुन्या सुपरवायझरला मी फोन केला. माणूस कसा आहे, हे मी विचारत नाही. सगळेच चांगला आहे म्हणतात. मी विचारते, तुमच्या लाइनवर परत घ्याल का? ते म्हणाले, "आमच्याकडं जागा असती तर तुम्हाला नंबर लागू दिला नसता."

पगाराचं बोलणं

इथं आम्ही अर्धा तास दिला, कारण बहुतेक गैरसमजांची मुळं इथंच रुजतात. मालक 24 हजार म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकूण पगार असतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात हातात पडणारी रक्कम असते. पहिल्या महिन्यात दोघांनाही फसवल्यासारखं वाटतं. म्हणून कागदावर मांडलं: 24,000 मधून पीएफ 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्क्यांनी 1,800, व्यवसाय कर 200, हातात 22,000. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300, म्हणून त्या महिन्यात 21,900. पगार 21,000 च्या वर असल्यामुळे ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही, हेही सांगितलं, कारण घरी आजारपण काढलेल्या माणसाला दवाखान्याचा हिशोब आधी कळलाच पाहिजे. त्यावर मालकांनी आपणहून अपघात विम्याची तयारी दाखवली.

नेमणूकपत्र पहिल्या दिवशीच दिलं. तीन महिने परीक्षेचे, आणि तीस दिवसांनी काय पाहिलं जाईल ते त्यातच लिहिलेलं. घर नदीच्या अलीकडेच असलं तरी पुरात रस्ता बंद झाला तर काय, तेही लिहिलं: तालुक्यात पुराचा इशारा असेल त्या दिवशीचा खाडा धरायचा नाही.

त्या डिप्लोमाच्या मुलीला आम्ही सोडलं नाही. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. या कारखान्यानं तोवर एकही घेतला नव्हता. विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, राष्ट्रीय शिकाऊ योजनेतून मिळतो, हेही मालकांना माहीत नव्हतं. ती सकाळच्या पाळीत क्यूसीवाल्याच्या हाताखाली लागली. बाकीच्या पाच जणांना मी स्वतः फोन करून कशामुळे जमलं नाही ते सांगितलं. एकानं विचारलं, "बोअर गेज शिकायला कुठं मिळंल?" असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा नंबर मी वहीत वेगळा लिहून ठेवते.

पुढं काय झालं

नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, ते रुजू झाले. पहिले दोन आठवडे कठीण गेले. त्यांनी सांगितलं, माझी सही झाल्याशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही. दहा-बारा वर्षं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरांना हे झोंबलं. "कालचा आलेला आम्हाला शिकवणार?" एकानं दोन दिवस त्यांच्याशी बोलणंच टाकलं. मालकांनी मध्ये पडायचं ठरवलं होतं, मी त्यांना थांबवलं, आणि आण्णांनी ते मार्गी लावलं. एका संध्याकाळी त्यांनी त्याच ऑपरेटरला एकच जॉब दोनदा मोजायला लावला, गरम आणि गार. त्यानंतर वाद मिटला.

मशीनच्या मागं पंख्याखाली बारा खणांचं एक रॅक आलं, भंगारातल्या अँगलचं. प्रत्येक जॉबवर खडूनं वेळ, आणि चाळीस मिनिटं झाल्याशिवाय माप नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सहा आठवड्यांत दुसऱ्या पाळीच्या नोंदी 48 वरून 9 वर आल्या. त्या नऊंतल्या चारांचं कारण वेगळं निघालं, जॉब पकडायच्या एका फिक्श्चरचा क्लॅम्प झिजून बोअर लंबगोल होत होता. तेही त्यांनीच शोधलं.

तिसऱ्या सेटरची गोष्ट मात्र मालकांच्या मनातून जात नव्हती. जानेवारीत त्यांनी त्याला फोन केला. तो तोवर गोकुळ शिरगावात लागला होता आणि परत यायला तयार नव्हता, जे योग्यच होतं. पण बोलता बोलता तो म्हणाला की इकडचं अनुभवपत्र नाही म्हणून तिकडं त्याला नवखा धरून पगार लावलाय. इथून जाताना त्याला पत्र दिलंच नव्हतं, चिडून गेला म्हणून.

मालकांनी पत्र लिहायला मला बसवलं. मी नेहमीचं लिहिलं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली. त्यांनी ते फाडलं आणि स्वतः सांगायला लागले. मी लिहून घेतलं. लेटरहेडवर सही-शिक्का मारून ते पत्र त्यांनी सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वतः गोकुळ शिरगावला नेऊन दिलं.

"यांनी आमच्याकडे 62 एच7 बोअरच्या हाउसिंगचं सेटिंग दोन महिने केलं. त्यांनी केलेलं सेटिंग बरोबर होतं. त्या काळात झालेलं रिजेक्शन त्यांच्यामुळे नव्हतं, आमच्या माप घेण्याच्या पद्धतीमुळे होतं, आणि ते त्यांनी आम्हाला जाताना सांगितलं होतं."